मऊ गादीचा उभा धागा

मित्रांनो, बाजारात मला माउसपॅड म्हणतात. ज्या घरात माझे आयुष्य गेले तेथे मात्र मी गादी आहे, आणि गादी म्हटले की मान आलाच. तेव्हा पाय जवळ घेऊन नीट बसा. मध्येच प्रश्न विचारलेले मला खपत नाहीत. जे सांगायचे ते मी क्रमानेच सांगणार आहे.

मी दीड फूट लांब आणि दीड फूटच रुंद आहे. काळी, साधी, अंगावर कुठलेही चित्र नसलेली. वरती विणलेले कापड, खाली रबर. आता मध्यभागी माझे कापड घासून तुळतुळीत झाले आहे, एक कोपरा फाटलेला आहे आणि काठाची शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. वय झाले की असे व्हायचेच. त्याचे मी कौतुक करत नाही आणि रडगाणेही गात नाही.

माझा जन्म एका लांब, पत्र्याच्या छताच्या कारखान्यात झाला. एकीकडून कापडाचा तागा यायचा, दुसरीकडून रबराची गुंडाळी, आणि दोन तापलेल्या रुळांमध्ये त्यांची कायमची गाठ पडायची. मग साचा धाडकन खाली येई आणि एका फटक्यात आम्ही सहा जणी वेगळ्या होत असू. काठ शिवणारी बाई हाताची मोठी जलद होती. चारही बाजू ती न थांबता शिवायची आणि शेवटचा कोपरा वळताना नखाएवढे एक पांढरे लेबल शिवणीत सरकवायची. शेजारी नव्याने बसलेल्या मुलीने तिला एकदा विचारले, “मावशी, लेबल कुठल्याही कोपऱ्यात लावलं तर काय बिघडतं? चारी बाजू तर सारख्याच आहेत.”

“दिसायला सारख्या आहेत,” मावशी म्हणाली. “तुझ्या दोन्ही चपलाही दिसायला सारख्याच आहेत. उलटसुलट घालून घरी जा बघू.”

हे हसण्यावारी नेऊ नका. विणलेल्या कापडात एक धागा उभा असतो आणि एक आडवा. दोघांचा स्वभाव एक नसतो. माझ्या उभ्या धाग्याच्या दिशेने माउस नेला तर तो किंचित अडतो. आडव्या धाग्याच्या दिशेने नेला तर किंचित सुटा पळतो. फरक केसाइतका आहे. पत्र लिहिणाऱ्याला तो आयुष्यात कळणार नाही. खेळणाऱ्याच्या हाताला मात्र तो चार दिवसांत कळतो आणि मग हात त्याच्यावर विसंबून राहू लागतो, आपण त्याच्यावर विसंबलो आहोत याची जाणीवही न होता. आम्हाला कारखान्यात अशा बेताने कापत की लेबल उजव्या हाताला खाली आले म्हणजे डावी-उजवी चाल जराशी अडावी आणि वर-खाली चाल मोकळी राहावी. एवढाच त्या लेबलाचा अर्थ होता. तो कोणी कोठे लिहून ठेवला नाही, हा पहिला दोष.

मी ज्या घरी आले तो घरधनी खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणारा कारागीर होता. पुढे त्याची कामाची खोली, मागे राहण्याच्या दोन खोल्या आणि मध्ये जाड पडदा. पुढच्या खोलीत काथ्याचे ढीग, फोमच्या लाद्या, मखमलीचे तुकडे आणि पोट फाडून ठेवलेल्या परक्यांच्या खुर्च्या असत. कापड ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना चुका म्हणतात. दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले, म्हणून तो त्या मूठभर चुका तोंडात धरी आणि जिभेने एकेक पुढे सारी. दिवसभर त्याचे बोलणे ओठांच्या एका कोपऱ्यातून चाले. त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करी. ती म्हणायची, “लग्नाला वीस वर्षं झाली, पण ह्यांच्या तोंडून अख्खं वाक्य मी जेवतानाच ऐकलंय.”

मला आणले त्यांच्या मुलीने. सतरा वर्षांची, उंच, हातापायांनी सडपातळ, बोलण्यात आईवर गेलेली. ती संगणकावर पाच जणींच्या चमूतून एक खेळ खेळायची. पडद्यावर पाच विरुद्ध पाच, आणि आपले दार राखायचे. तिच्याकडे दार राखण्याचेच काम असे. समोरून कोणी आत घुसले की तिचा माउस झपकन तिकडे जाई आणि नेमका त्याच्यावर थांबे. थांबे म्हणजे थांबेच. लोंबकळणे नाही, थरथरणे नाही. म्हणून चमूत तिला सगळ्या ‘खिळा’ म्हणत.

“उंदराला गादी!” मला पाहून आई म्हणाली होती. “बापाने गावभराच्या खुर्च्या मऊ केल्या, घरातल्या खुर्चीतून मात्र काथ्या टोचतोय. आणि उंदराला गादी.”

“आई, माउस म्हणतात त्याला.”

“म्हण. शेपूट आहे की नाही?”

तेव्हापासून माझे नाव गादी पडले. दोन वर्षे माझे चांगले चालले. महिन्यातून एकदा खिळा मला कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवायची, पिळायची नाही, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवायची. माझ्यावर चहा ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. तिच्या मनगटाचा भार मी घेत होते आणि तिच्या हाताला थांबायची जागा देत होते. स्तुती झाली ती तिची झाली, आणि ते योग्यच होते.

तिसऱ्या वर्षी चमूत एक नवी मुलगी आली. सगळ्या तिला भिंगरी म्हणत, यावरून काय ते समजा. ती कडक पॅडवर खेळायची आणि तिचा हात डोळ्याला दिसत नसे. चमूच्या कप्तानाने, जी या मुलींहून चार वर्षांनी मोठी होती, स्पष्ट सांगून टाकले, “मोठ्या स्पर्धेला पाचच जणी जाणार. दार राखायला एकच हवी. खिळा आणि भिंगरी, तुम्ही दोघी तीन आठवड्यांनी आमच्यासमोर खेळा. दहा डाव, एकमेकींविरुद्ध. जी जिंकेल ती चमूत, दुसरी राखीव.”

खिळ्याने या चमूत दोन वर्षे काढली होती. तिच्या घरी कोणी पाहुणा आला की ती ‘मी अमुक कॉलेजात आहे’ असे न सांगता ‘मी चमूत आहे’ असे सांगायची. तिला काय गमवायचे होते ते यावरून ओळखा.

कारागिराने हे ऐकले. मुलीसाठी आपण काय करू शकतो, असा विचार कोणताही बाप करतो. फरक इतकाच की तो जे करू शकतो तेच करतो, मग त्याची गरज असो वा नसो. दुसऱ्याच दिवशी खिळा कॉलेजात असताना त्याने तिचे टेबल पुढच्या खोलीत ओढून आणले. टेबलाची कड तिच्या मनगटाला रुतत असे, तिला त्याने फोम लावला, वर रेक्झिन ताणले, कोपरे असे मुडपले की सुरकुती शोधून सापडू नये. काम उत्तम होते, हे मला मान्य केलेच पाहिजे.

मग त्याने मला हातात घेतले. तळहात माझ्यावरून एकदा सरळ फिरवला, एकदा आडवा, आणि कपाळाला आठी घातली. खुर्चीच्या बैठकीला कापड लावताना उभा धागा पाठीकडून गुडघ्यांकडे यायला हवा, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. त्याच्या हाताला वाटले, पोरीने गादी दोन वर्षे आडवी टाकली आहे. “असं कोणी ठेवतं?” तो चुकांमधून पुटपुटला. त्याने मला पाव फेरा फिरवले, खाली सोल्यूशन लावले आणि टेबलाला कायमची चिकटवून टाकले. जाता जाता कोपऱ्यातले पांढरे लेबल त्याला खटकले. कापडातून बाहेर आलेला कुठलाही तुकडा त्याला खटकतच असे. त्याने कात्री घेतली आणि ते कापले.

मी चौरस आहे. फिरवलेली कोणाला दिसणार?

खिळा आली आणि नाचायचीच बाकी राहिली. “बाबा! काय झकास केलंय! आई, हे बघ, कड किती मऊ झाली!” तिने बापाच्या खांद्यावर डोके टेकवले. तो ओठ मिटून हसला. हे सारे मी पाहिले. मला बोलता येत नव्हते, आणि आले असते तरी त्या क्षणी माझे कोणी ऐकले नसते.

त्या संध्याकाळी ती सरावाला बसली. डावीकडून शत्रू आला. तिने नेहमीएवढाच हात मारला आणि माउस त्याच्या पुढे निघून गेला. तिने मागे आणला, तो पुन्हा अलीकडे. मग एक जण वरच्या गच्चीत दिसला. तिने हात वर नेला आणि माउस अर्ध्यात अडला. ती खुर्चीत सरळ बसली, हात झटकला आणि पुन्हा खेळू लागली. तीच गत. पहिल्या दिवशी तिने झोपेला दोष दिला, दुसऱ्या दिवशी माउसला, तिसऱ्या दिवशी स्वतःला.

“खिळ्या, आज ढिला झालायस का?” कप्तान स्पीकरवरून हसत म्हणाली. आठव्या दिवशी ती हसली नाही.

आईने आपल्या परीने उपाय केला. औषधांच्या दुकानातून मलम आले, मनगटाचा पट्टा आला. “मूठ मिटून दाखव. दुखतं?”

“नाही गं.”

“आता?”

“आता दुखतंय, कारण तू दाबतेयस.”

मलमाचा वास मला पुढे महिनाभर सोडून गेला नाही. तेल माझ्या कापडात उतरले ते वेगळेच. हात दुखत नव्हता, सुजला नव्हता, फक्त तिचे ऐकत नव्हता. गायकाला गळा गेला म्हणतात तसे ती पुटपुटू लागली, “हात गेला माझा.”

मग कप्तान स्वतः घरी आली. तिने मला बोटाने दाबून पाहिले, जसे काही मी शिळी पोळी होते. “गादी जुनी झालीय गं. मऊवर घाम जिरतो, कापड बसतं, हात रुततो. कडक घे.” आणि आपल्या पिशवीतून तिने एक पातळ, टणक, पांढरे पॅड काढले. “माझं जादाचं आहे. ठेव.”

ते आले ते थेट माझ्या अंगावरच बसले, कारण मी टेबलाला चिकटलेली होते आणि दुसरी जागा नव्हती. आईने त्याला पाटी म्हटले. मी पाटीविषयी जे सांगणार आहे ते खरे आहे, कारण दहा दिवस तिचा भार मी सोसला आहे आणि तरीही खोटे बोलणे मला शोभत नाही. पाटी वेगवान होती. तिच्यावर माउस नुसत्या फुंकरीने सरके. घाम तिच्यात जिरत नसे, फडक्याने एकदा पुसली की पुन्हा कोरी. तिला उभे-आडवे नव्हते. सगळ्या दिशा सारख्या. ज्यांचा हात मनगटातून खेळतो, ज्यांना सतत फिरत्या गोष्टीचा पाठलाग करायचा असतो, त्यांना ती खरोखर मानवते. पण ती माउसच्या पायांची, म्हणजे त्याच्या तळाच्या गुळगुळीत टिकल्यांची, झीज करी, हिवाळी सकाळी तिच्यावर मनगट गारठे आणि तिचा आवाज असह्य होता.

“कोण दात खातंय?” आईने पडद्याआडून विचारले.

“माउस आहे, आई.”

“गादीवर होता तोवर गप्प होता बिचारा. फरशीवर झोपवलात, आता बोलणारच.”

पाटीवर खिळ्याचा हात पळाला, पण थांबेना. मी थांबवते, पाटी थांबवत नाही, तेथे थांबायचे काम हातालाच करावे लागते. ज्याला ते लहानपणापासून जमते त्याला जमते. खिळा खांद्यापासून हात मारणारी. तिला पाटीवर शत्रू सापडे आणि निसटे, सापडे आणि निसटे. कधी ती चिडून पाटी उचली आणि माझ्यावर खेळे. तेथे आडवे पळत होते आणि उभे अडत होते. शेवटी दोन्हीकडून गेली.

सामन्याला तीन दिवस राहिले तेव्हा दुपारी ती पुढच्या खोलीत आली. कारागीर एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होता, आई जेवायला घरी आली होती. खिळ्याच्या हातात फोन होता.

“कप्तानला पाठवतेय. ऐका. ‘मी खेळणार नाही. माझी जागा भिंगरीला दे. माझा हात गेला.’ बरोबर आहे ना? जास्त रडकं नाही ना वाटत?”

“न खेळताच?” आई म्हणाली. “तिला निदान हरवायचे कष्ट तरी पडू देत.”

“तुला मस्करी सुचतेय. आई, गादीवर काय होतं माहितेय? आडवा नेला की पळतो. उभा नेला की अडतो. आधी असं नव्हतं. आधी बरोबर उलटं होतं. हात एवढा उलटा कसा होईल?”

हातोडी थांबली.

कारागिराने खुर्चीवरून हात काढला आणि तोंडातली एक चूक काढून पाटावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. अकरा चुका त्याने ओळीने मांडल्या. इतक्या वर्षांत त्याने भर कामात तोंड रिकामे केलेले कोणी पाहिले नव्हते.

“चूक झाली,” तो म्हणाला.

“कुठली?” आईने विचारले. “पाटावरची की बाहेरची?”

“बाहेरची.” त्याने मुलीकडे पाहिले. “हात नाही गेला तुझा. धागा फिरलाय. मी फिरवला. टेबल केलं त्या दिवशी. मला वाटलं तू उलटी ठेवलीयस, म्हणून मी सरळ करून चिकटवली.”

खिळ्याने फोन खाली केला. मग म्हणाली, “अठरा दिवस, बाबा. अठरा दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय. मला एकदा विचारायचं तरी!”

“विचारायचं होतं,” तो म्हणाला. पुढे सारवासारव केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. आणि तिनेही तो निरोप अजून पाठवला नव्हता. तो तिने पुसून टाकला.

मला सोडवायला दीड तास लागला. पातळ पात्याचा कलथा त्याने इंचाइंचाने आत सारला. स्वतःचे काम इतके पक्के असल्याचा त्या दिवशी त्याला किती संताप आला असेल! तरी एका कोपऱ्यात रबर टेबलाने सोडले नाही आणि मी फाटले. त्याने मला खिळ्याच्या हातात दिले, स्वतः ठेवले नाही. “आता ऐक. पाव फेरा कधी फिरवू नकोस. एवढंच. आधीसारखी ठेव नाहीतर अर्धा फेरा फिरवून पाठमोरी ठेव, धागा तोच राहतो.”

तिने मला ठेवले. डावी-उजवी चाल जराशी अडली. तिने डोळे मिटले आणि नुसता श्वास सोडला.

पण प्रश्न सुटला नव्हता. अठरा दिवसांत हाताला नव्या सवयी लागल्या होत्या. सामन्याला एकच पॅड न्यायचे आणि मध्ये बदलायचे नाही, असा नियम. कप्तानाने फोनवर सांगितले, “आता मागे नको फिरूस. पाटीवर बरा चाललाय हात. आणि फाटकी गादी घेऊन कोण जातं?”

“बाबा, तुम्हाला काय वाटतं?” खिळ्याने विचारले.

“मला काही वाटत नाही,” तो घाईने म्हणाला. “माझं वाटणं आपण पाहिलंय.”

मग तिने जे केले ते मुलांनो, तुम्हीही करा, कारण कडक घ्यावे की मऊ घ्यावे हे दुकानदाराला किंवा मित्राला विचारून कळत नाही. तिने बापाचा लाल खडू घेतला. पाटीवर वीतभर अंतराने दोन खुणा केल्या, माउस पहिल्या खुणेवर ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या दुसऱ्या खुणेवर नेऊन थांबवला. दहा वेळा. आईने मोजले. पाटीवर चार वेळा नेमका थांबला. दोनदा तर टेबलाच्या कडेपर्यंत गेला. मग माझ्यावर तेच. सात वेळा.

“पण पाटीवर लवकर पोचत होता,” आई म्हणाली. तिला न्याय करायची खोड होती.

“भिंगरीला लवकर पोचायचंय,” खिळा म्हणाली. “मला थांबायचंय. दार कुठे पळत नाही.”

कारागिराने मला पुठ्ठ्याच्या नळीवर, कापड बाहेर ठेवून, सैलसर गुंडाळले. महागाच्या मखमलीलाही त्याने इतके जपले नसते. आता गुंडाळताना त्याने दोनदा विचारले, “अशी चालेल ना?”

सामना एका क्लबाच्या हॉलमध्ये भर दुपारी होता. ओळीने टेबले, डोक्यावर पंखे, कडेला बघायला आलेल्या मुलींची दाटी. भिंगरी आधीच येऊन बसली होती. तिची पाटी आरशासारखी चकाकत होती. तिने माझ्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. मुलगी संस्कारांची होती. बोलल्या त्या तिच्या मैत्रिणी.

“ती गादी कुत्र्याने खाल्ली का गं?”

“नाही,” खिळ्याची आई मागून म्हणाली. “माझ्या नवऱ्याने.”

पहिल्या चार डावांत खिळा तीन हरली. यात माझा वाटा होता, तो मी लपवणार नाही. तो फाटका कोपरा नेमका तिच्या मनगटाखाली आला होता. प्रत्येक वेळी ती हात ओढी आणि माझे रबर वळून वर येई, माउसची वायर त्यात अडके. चौथ्या डावात शत्रू दारात उभा असताना वायर अडकली आणि गोळी भिंतीत गेली. कप्तानाने वहीत काहीतरी लिहिले. पलीकडून कोणी तरी हळूच टाळी वाजवली.

खिळ्याने माउस सोडला. ती कोपऱ्याकडे बघत होती आणि मला तिच्या बोटांत ती अठरा दिवसांची भीती पुन्हा जाणवली. मग ती बोटे शांत झाली. तिने हात वर केला.

“मला गादी फिरवायचीय.”

“बदलता येणार नाही,” कप्तान म्हणाली.

“बदलत नाहीये. हीच आहे. फक्त पाठमोरी करतेय.”

“त्याने काय होणार?”

“कोपरा पलीकडे जाईल. धागा तोच राहील.”

हे बोलणे त्या हॉलमध्ये एकीलाही कळले नसावे. कप्तानाने खांदे उडवले आणि मान डोलावली. खिळ्याने मला अर्धा फेरा फिरवले. पाव नव्हे, अर्धा. बापाच्या चुकीतून तिला मिळालेले शहाणपण एवढेच होते, पण ते तिचे होते. फाटका कोपरा दूर, पडद्याच्या पायाशी जाऊन निजला. तिच्या मनगटाखाली माझा धड कोपरा आला.

पुढचे सहा डाव मी सांगत बसत नाही. भिंगरी वाऱ्यासारखी येई, डावीकडे झुकांडी देऊन उजवीकडून घुसे, आणि तिच्या हाताचा वेग पाहून बघणाऱ्या मुली ओरडत. खिळा ओरडण्याजोगे काहीच करत नव्हती. ती दारावर थांबे. हात एकदा हले आणि थांबे. एवढेच. सहापैकी पाच डाव तिचे झाले. सहा विरुद्ध चार.

भिंगरी उठून आली. “ती गादी दाखव ना,” तिने माझ्यावरून बोट फिरवले, आधी आडवे, मग उभे. “अगं, हिच्यात फरक आहे!”

“आहे,” खिळा म्हणाली. “पण तू तुझी पाटी सोडू नकोस. तुझ्या हाताला तीच बरी.”

कप्तानाने वही मिटली. “खिळा चमूत. भिंगरी राखीव. आणि खिळ्या, पुढच्या वेळी नवी गादी आण, माझी इज्जत जातेय.”

कारागीर हॉलमध्ये आलाच नव्हता. मुलीचा खेळ पाहवेना म्हणून तो बाहेर दारवानाजवळ बसला होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो दारवानाच्या खुर्चीपुढे उकिडवा बसून तिची फाटकी बैठक निरखत होता. हात मात्र पाठीमागे बांधलेले होते.

“बाबा, झालं. जिंकले.”

“जिंकलीस?” त्याने तिच्याकडे पाहिले, आणि त्याचे तोंड जरा वेडेवाकडे झाले. मग तो दारवानाकडे वळला. “हिला हात लावू का? तुमची हरकत नसेल तर. कशी बसायला आवडते तुम्हाला, मऊ की टणक?”

दारवान गोंधळला. “मला असं कधी कोणी विचारलं नाही,” तो म्हणाला. आणि थोडा विचार करून, “टणक.”

त्यानंतर मी आणखी दीड वर्ष काम केले. पाटी कप्तानाकडे परत गेली. माझे कापड मध्यभागी बसले, अडण्याची शक्ती गेली आणि नवी गादी आली. मऊ, काळी, मोठी. तिचे लेबल कोणी कापलेले नाही. मी आता कारागिराच्या शिवणयंत्राच्या पायाखाली असते, त्याचा खडखडाट माझ्यात जिरवते. कोणी मला धूत नाही. माझी तक्रार नाही, नोंद आहे.

मित्रांनो, आता जाताना काय सांगते ते ध्यानात ठेवा. मऊ गादी श्रेष्ठ की कडक पाटी श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या हाताला पळायचे आहे की थांबायचे आहे, ते आधी ओळखा. मऊ घेतलीत तर कोमट पाण्याने धुवा, पिळू नका, उन्हात टाकू नका. कडक घेतलीत तर रोज पुसा आणि माउसच्या पायांकडे लक्ष ठेवा. लेबले कापू नका. आणि कोणाच्या भल्यासाठी त्याची वस्तू नीट करायला निघालात, तर हात लावण्यापूर्वी त्याला विचारा. तो त्या वस्तूपाशी बसलेला असताना विचारा, तो बाहेर गेल्यावर नव्हे.